सरमेचा सवाल

पामेरियन चावलं तर पाप कुणाला लागतं? हा प्रश्न मला एका कीर्तनकार बुवांनी विचारला, तोही घोटा नळाखाली धरून. सप्ताहाला आले होते. ज्यांच्याकडे उतरले त्या घरी पाया पडणाऱ्यांची रीघ लागली आणि सोफ्याखाली बसलेल्या पांढऱ्या कुत्र्याला एकामागून एक आपल्याच दिशेनं वाकणारी माणसं दिसू लागली. त्यानं आधी गुरगुरून पाहिलं. मंडळी हसली. "बघा, बुवांना नमस्कार करतोय!" दुसऱ्या खेपेला तो गुरगुरला नाही, सरळ चावला. मी बुवांना म्हटलं, पापाचं मागून बघू. आधी साबण लावून १५ मिनिटं पाय वाहत्या पाण्याखाली धरा, मग शहाद्याला जाऊन इंजेक्शनाचं विचारा, कुत्रं घरचं आणि टोचलेलं असलं तरी. बुवा मोठे गोड माणूस. पाय धुता धुता स्वतःच उत्तर देऊन मोकळे झाले: पशू ही भोगयोनी. मागचं भोगायला आलेला जीव. त्याच्या हातून नवं पाप घडत नाही की पुण्य घडत नाही. ते खातं माणसाचं. मग नळ बंद करून म्हणाले, "पण बापू, चावा तर पडला. मग ते पाप गेलं कुठं?"

मी उभी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून केली. लोकांच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर, जो कागदोपत्री डॉक्टर नसतो. निवृत्तीनंतर पुरुषोत्तमनगरला राहतो. पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि त्याच्याभोवती वाढलेलं हे गाव. गायी, म्हशी, बैल, शेळ्या यांच्यात माझं आयुष्य गेलं. कुत्रं तेव्हा मळ्यात असायचं. त्याला कुणी दवाखान्यात आणत नसे, आणलं तर पिसाळल्याच्या संशयानं. आता हंगामात मळीचा वास सुटला की खिडक्या लावून बसणाऱ्या घरांत चार-पाच किलोची पांढरी, केसाळ कुत्री आहेत आणि दर आठवड्याला कुणीतरी एकाला काखेत मारून माझ्या ओट्यावर हजर होतं. "बापू, हाई रातभर भुकस." "बापू, पाहुण्यांच्या चपलेत मुततो." यांना सगळे पामेरियन म्हणतात, काही पामोलियनही म्हणतात, म्हणजे तेलच. खरं तर ही बहुतेक भारतीय स्पिट्झ. १९९४च्या 'हम आपके हैं कौन' सिनेमातला टफी याच जातीचा. त्या सिनेमात टफी क्रिकेटचा पंच होता, चिठ्ठी पोचवत होता, लग्न जुळवत होता. तेव्हापासून लोक या जातीकडून फार अपेक्षा ठेवतात.

बुवांचा प्रश्न मात्र मला सोडेना. आपल्याकडे धर्मात कुत्र्याला जागा नाही असं कुणी म्हणू नये. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. आमच्याच तालुक्यात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं देऊळ आहे; मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते, घोड्यांचा बाजार तर देशभर ठाऊक आहे. तिथं कुणालाही विचारा, ती चार कुत्री म्हणजे चार वेद. ऐकायला छान. पण एकदा असं म्हटलं की कुत्री संपतात, वेद तेवढे उरतात. युधिष्ठिराच्या मागून हिमालय चढलेलं कुत्रं घ्या. त्याच्यासाठी धर्मराजानं स्वर्ग नाकारला, त्यासारखं दुसरं दृश्य महाभारतात नाही. पण शेवटी ते कुत्रं यमधर्म निघतं. नामदेवांची पोळी पळवणारं कुत्रं विठ्ठल निघतं. आपण कुत्र्याचा मान राखतो तो त्याला दुसरंच कुणीतरी करून. आजच्या बंगल्यांत तेच चाललंय. तिथं कुत्रं 'आमचं बाळ' निघतं.

महाभारतात कुत्रं कुत्रंच राहिलंय अशा दोन जागा मला दिसतात. दोन्ही आदिपर्वात आहेत, आणि माझ्या ओट्यावर येणाऱ्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्या दोन जागांत मावतात.

पहिली सरमेची. जनमेजय आपल्या भावांबरोबर कुरुक्षेत्रावर सत्र करतोय. तिथं एक पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला बदडतात. ते केकाटत आईकडे जातं. आई सरमा, देवांची कुत्री. ती आधी काय म्हणते बघा: तूच काहीतरी केलं असशील. पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटणं तर दूर. मग सरमा सत्राच्या जागी येऊन विचारते, माझ्या लेकराचा काय अपराध? उत्तर कुणी देत नाही. ती शाप देते की ज्या अर्थी निरपराध्याला मारलंत, त्या अर्थी तुमच्यावर न दिसणारं भय येईल. जनमेजय एवढा धास्तावतो की शापाचं निवारण करणारा पुरोहित शोधत फिरतो. सर्पसत्र, वैशंपायन, कौरव-पांडवांचा सगळा पसारा पुढचा. त्याआधीच व्यासांनी हा सवाल मांडून ठेवलाय आणि आपण तो ओलांडून पुढं जातो.

सरमेच्या सवालाला एक प्रयोगशाळेतलं उत्तर मिळालंय. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला. मालकानं कुत्र्याला बजावायचं की हे बिस्कीट खायचं नाही, आणि खोलीबाहेर जायचं. मागं काही वेळा कुत्र्याला बिस्कीट खाऊ दिलं, काही वेळा उचलून ठेवलं. मालकाला मात्र कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट पायांत घालणं, ज्याला आपण 'बघा कसा अपराधी चेहरा केलाय' म्हणतो, तो चेहरा बिस्कीट खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हताच. मालक रागावला की तो चेहरा येई. आणि ज्यांनी खाल्लंच नव्हतं पण बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा जास्तच अपराधी दिसला. सरमेची पिल्लं ती.

म्हणून कुणी सांगायला लागलं की 'त्याला सगळं कळतं, मुद्दाम करतो, मी आलो की लगेच कोपऱ्यात जातो', तर मी विचारतो, तुम्ही दाराच्या आत आलात तेव्हा तुमचा चेहरा कसा होता? सकाळी फरशीवर झालेल्या मुताकडे त्याचं नाक नेऊन दाबलं तर त्याला एवढंच कळतं की हा माणूस आणि ओली फरशी एकत्र आली की धोका. मग तो पलंगाखाली मुतायला शिकतो. मालक म्हणतो, लबाड झालाय. लहान कुत्र्याचं मूत्राशयही लहान; पिल्लू झोपेतून उठलं, खाऊन झालं, खेळून झालं की उचलून बाहेर न्यायचं, झालं की तिथंच, त्याच क्षणी पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा, आणि आत जिथं घाण केली ती जागा वास उरणार नाही अशी धुवायची. एवढंच आहे. यात कुठं अपराध आहे, कुठं क्षमा आहे? लोकांना हे फार रुक्ष वाटतं. त्यांना खटला चालवायचा असतो.

भोगयोनीचा सिद्धान्त मला म्हणूनच पटतो. माझ्या दृष्टीनं तो पशूला कमी लेखत नाही. तो माणसाचा न्यायाधीशाचा झगा उतरवून ठेवतो. जैन मित्र इथं मला अडवतात. त्यांच्या शास्त्रात मन असलेल्या पंचेंद्रिय पशूलाही सम्यक् दृष्टी लाभू शकते. जीवंधर राजकुमारानं मरत्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो कुत्रा यक्ष झाला, अशी त्यांची कथा आहे. शहाद्यातले माझे एक व्यापारी स्नेही म्हणतात, बापू, तुम्ही कुत्र्याला पापातून सोडवता, पण त्याबरोबर पुण्यातूनही बाद करता. मुद्दा वजनदार आहे. मी त्यांना एवढंच म्हणतो की त्या कथेतही जीवंधरानं कुत्र्याला शिक्षा केली नाही; शिक्षा दुसऱ्यांनी केली होती, म्हणून तर तो मरत होता.

तर ते पाप गेलं कुठं. बुवांच्या घोट्यापाशी परत येऊ. तो कुत्रा आधी गुरगुरला होता. त्याच्याही आधी त्यानं ओठ चाटले असतील, तोंड फिरवलं असेल, डोळ्यांचं पांढरं दाखवलं असेल. कुत्र्याची सगळी सभ्यता या खुणांत असते. अल्सेशियन गुरगुरला की घर थिजतं, पाहुणा मागं सरकतो. चार किलोचं गुरगुरलं की हशा पिकतो, कुणीतरी त्याला तसाच उचलून पाहुण्याच्या मांडीवर ठेवतं, 'काही करत नाही हो!' रोज पाय सुटून अधांतरी उचललं जाणं, नको असताना गाल ओढले जाणं, आणि सांगून काही उपयोग न होणं. मग तो सांगणं सोडतो. काही घरांत तर गुरगुरल्याबद्दल टपली मारतात. म्हणजे घंटा काढून घेतली आणि चोर तसाच ठेवला. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये हजाराहून जास्त कुत्रामालकांच्या उत्तरांवरून लिहिलं की लहान कुत्र्यांच्या मालकांच्या वागण्यात सुसंगती कमी असते, ते कुत्र्याबरोबर खेळतात-शिकवतात कमी, आणि शिक्षेचा वाईट परिणाम, भित्रेपणा नि चिडखोरपणा, लहान कुत्र्यांत जास्त ठळक दिसतो. मला त्यासाठी व्हिएन्नाला जायची गरज नव्हती, पण कुणीतरी मोजलं हे बरं झालं.

इथं एक गोष्ट धर्माची चर्चा थांबवून सांगतो, कारण ती कामाची आहे. शांत कुत्रं एकाएकी चावरं झालं तर आधी दुखणं शोधा. या जातींत दात किडणं, हिरड्या सुजणं फार, आणि मागच्या पायाची वाटी सरकण्याचा त्रासही आढळतो. तोंडाला हात लावला की झडप घालणाऱ्या एका म्हाताऱ्या कुत्रीला घरचे 'माजली' म्हणत होते. तिची दाढ कुजलेली निघाली. आणि गळ्यात पट्टा घालून ओढू नका, छातीवरून येणारा हार्नेस वापरा. या बारक्यांची श्वासनळी नाजूक असते.

आता नामदेव. मी प्रवचनात ही गोष्ट ऐकली की मनात चुळबुळतो. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी नको खाऊ म्हणून. सर्वांभूती भगवंत पाहायचा तो असा. मान्य, शंभरदा मान्य. पण शिकवणीच्या बाजूनं पाहिलं तर चोरीवर तुपाचं बक्षीस! आणि कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर माणूस ओरडत पाठीमागं लागलाय. गीता पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा यांना सारख्या नजरेनं पाहायला सांगते. सारखं वागवायला सांगते असं कुठं आहे? हत्तीला मांडीवर कुणी घेत नाही. नामदेवांचं कुत्रं नामदेवांचं पाळीव नव्हतं. ते वाटेवरचं होतं, त्याला संध्याकाळी परत त्यांच्या घरी यायचं नव्हतं, त्यांच्या नातवाच्या ताटात तोंड घालायचं नव्हतं. संतांना एका क्षणाचं दर्शन पुरतं. आपल्याला बारा-पंधरा वर्षं एकाच छताखाली काढायची असतात. तिथं लाड आणि मार ही दोन टोकं नसतात. मी पाहिलंय, जे घर सकाळी ताटातला घास भरवतं तेच संध्याकाळी त्याच कुत्र्याला ताटाजवळ आला म्हणून लाथेनं लोटतं. कुत्र्याला यातून काय शिकायचं? भीक कधी लागते, कधी नाही. आणि अधूनमधून लागणारी भीक माणसाला काय, कुत्र्याला काय, सुटत नाही. जेवताना भुंकणाऱ्याला काही द्यायचं नाही असं ठरवलं की तो पहिले काही दिवस दुप्पट भुंकतो. घरचे तिसऱ्या दिवशी वैतागून तुकडा टाकतात. झालं, दुप्पट भुंकायला शिकवलं. या हिशेबात पापाचा धनी शोधायला फार लांब जावं लागत नाही.

दुसरी जागा एकलव्याची. पांडव शिकारीला गेले, बरोबर कुत्रं. ते रानात पुढं गेलं, त्याला एक माणूस दिसला: काळा, अंगावर मळ, जटा वाढलेल्या, नेसायला हरणाचं कातडं. ते भुंकू लागलं. एकलव्यानं त्याच्या तोंडात सात बाण मारले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: द्रोण, अंगठा. आमच्या जिल्ह्यात एकलव्य हा पुराणातला माणूस नाही. भिल्ल घरांत तो आपला पूर्वज आहे. अंगठ्याबद्दल पिढ्यान् पिढ्या बोललं गेलंय आणि बोललं जायलाच हवं. मी गुरांचा माणूस, मला कुत्र्याचं पडलं. ते भुंकलं का? व्यास कारण लपवत नाहीत. त्याला काय दिसलं ते एकेक करून सांगतात. हस्तिनापूरच्या वाड्यात वाढलेल्या त्या कुत्र्यानं असा माणूस कधी पाहिलाच नव्हता.

पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यातले दिवस असे असतात की तेव्हा जे दिसतं, ज्याचा वास येतो, जे वाईट वागत नाही, ते जगात धरलं जातं. बाकीचं परकं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं पिल्लं वाढवून हे १९६५च्या ग्रंथात मांडलं. आमच्याकडची ही पिल्लं मोठ्या शहरातून खोक्यात येतात, लसी पुऱ्या होईपर्यंत घराबाहेर काढायची नाहीत म्हणून बंद राहतात, आणि मग कायमचीच बंद राहतात. कडेवर घेऊन दारात उभं राहिलं तरी पुष्कळ झालं असतं. जमिनीवर ठेवायची गरज नव्हती. त्यांनी पाहिलेलं जग म्हणजे घरचे, शर्ट-पँटीतले पाहुणे, स्कूटीवरच्या ताई. मग दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. भोंगा, उसाच्या मोळ्यांनी लादलेले ट्रॅक्टर, आणि कोयता कमरेला, डोक्याला फडकं, अंगावर पाचटाची कुसळं नि धूळ घेऊन रस्त्यानं जाणारे तोडकरी. कुणी भिल्ल, कुणी वर सातपुड्यातले पावरा. कॉलनीतली पांढरी कुत्री फाटकाशी येऊन तुटून पडतात. साहेब लोकांवर भुंकत नाहीत. यांच्यावर भुंकतात.

"बघा, चोर बरोबर ओळखतो," असं एका सज्जन माणसानं मला कौतुकानं सांगितलं होतं. मी त्या दिवशी काही बोललो नाही, कारण चहा त्यांचा होता. पण हा शहादा तालुका आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी इथं आदिवासींच्या जमिनी आणि मजुरी यांसाठी जी लढाई केली, ती कशामुळं करावी लागली हे माझ्या पिढीला पुस्तकातून वाचावं लागत नाही. कुणी कुणाला चोर म्हणायचं, याचा या मातीत एक जुना रिवाज आहे. कुत्र्याला तो रिवाज ठाऊक नाही. त्याला एवढंच ठाऊक की असा माणूस दिसला की मालकीणबाईंचा हात साखळीवर घट्ट होतो, आणि आपण भुंकलो की तो माणूस निघून जातो. माणूस जाणारच होता, त्याला फडावर पोचायचं असतं. पण कुत्रं समजतं, आपण घालवला. रोज भुंकणं, रोज यश. असं भुंकणं सुटेल कशाला?

बुवांना मी फोनवर हेच सांगितलं. पाप कुठं जात नाही, कुत्र्याला बांधलेल्या साखळीचं दुसरं टोक ज्याच्या हातात तिथंच असतं. बुवा म्हणाले, बापू, हे कीर्तनात घेतो. घेतलंही असेल. त्यांच्या तोंडी गेलं की मात्र त्याचा दृष्टान्त होणार आणि कुत्रं पुन्हा गायब.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. फाटकाच्या जाळीला खालून पत्रा किंवा कापड लावून रस्ता दिसेनासा करायचा, म्हणजे रोजची शिकवणी बंद. मग ठरावीक वेळी कुत्र्याला रस्त्यापासून एवढं लांब धरायचं की तोडकरी दिसतील पण भुंकणं येणार नाही. माणूस दिसला की लगेच, भुंकायच्या आत, पनीर. दिसेनासा झाला की पनीर बंद. काही दिवसांनी माणूस दिसताच ते आपल्या हाताकडे वळून बघायला लागतं. मग चार पावलं जवळ. भुंकलं तर आपण घाई केली. ओरडायचं नाही, मागं जायचं. आणि पनीर दिवसाच्या खुराकातून वजा करायचं, नाहीतर कुत्रं शांत होतं आणि उशी होतं.

गेल्या हंगामात आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी हे मनापासून केलं. कुत्रं रस्त्याच्या कडेपर्यंत आलं, भुंकेना. मग मी त्यांना म्हटलं, आता ज्याच्यावर तो भुंकायचा त्याच्याच हातून त्याच्यापुढं तुकडा पडू द्या, लांबूनच. रोज त्या वाटेनं कोपीकडे परतणाऱ्या एका तोडकरी बाईला त्यांनी हाक मारली, नीट समजावून सांगितलं, हातात भाकरीचे तुकडे दिले. ती बाई ऐकत होती. तुकडे तिनं हातात घेतले, कुत्र्याकडे बघितलं, मग मालकीणबाईंकडे बघितलं.

"कुत्राले भाकर टाकाले मी. मंग माले चहा कोन दी?"

मालकीणबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, जणू हे शिकवणीत बसतं का ते मला विचारत होत्या. मग आत गेल्या आणि चहा टाकला. तोडकरी बाई कोयता बाजूला ठेवून ओट्यावर बसली, बशीतून चहा पिता पिता एकेक तुकडा टाकत राहिली, आणि म्हणाली की तिच्या पाड्यावरची कुत्री एवढी लवकर ऐकत नाहीत. नंतर हंगाम संपेपर्यंत ती बऱ्याचदा थांबायची. कपबशी कोणती द्यायची यावर घरात थोडी कुरबूर झाली असं ऐकलं. ती सासूबाईंनीच मिटवली. कुत्रं आता कोयत्यावर भुंकत नाही. छत्रीवर भुंकतं, त्याचं पावसाळ्यात बघू.